साहेबाच्या कंदिलातला हिंदुस्थान: हे फोटो आज वर्गात दाखवावेत का?

नकाशावेडी
मंडळी, मी आठवी-नववीला भूगोल शिकवते. यंदा शाळेत जुन्या छायाचित्रांवर एक छोटा उपक्रम करायचा आहे. चित्रं शोधता शोधता एका प्रकरणात अशी गुंतले की उपक्रम बाजूलाच राहिला. आधी प्रकरण सांगते, मग प्रश्न.

१९०२मध्ये मायकेल सॅडलर या शिक्षणतज्ज्ञाने लंडनच्या वसाहत खात्याकडे एक कल्पना मांडली. साम्राज्यातल्या मुलांना साम्राज्य डोळ्यांनी दाखवायचं, म्हणजे मॅजिक लॅन्टर्नच्या (काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठं पाडणाऱ्या कंदिलाच्या) काचपट्ट्या आणि सोबत छापील व्याख्यानं. तेव्हा वसाहतमंत्री होते जोसेफ चेंबरलेन. समिती नेमली गेली, अध्यक्ष लॉर्ड मीथ. २४ मेला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, 'एम्पायर डे' साजरा करा म्हणून जन्मभर मागे लागलेले तेच हे गृहस्थ. व्याख्यानं लिहायला ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर. भूगोलवाल्यांना वेगळं सांगायला नको, १९०४चा तो 'पिव्हट' निबंध (युरेशियाचा मध्यभाग हाच जगाच्या राजकारणाचा कणा, असं मांडणारा) यांचाच.

सुरुवात उलट्या दिशेने झाली. सिलोन, मलायाकडच्या सामुद्रधुनी वसाहती आणि हाँगकाँगमधल्या मुलांना आधी ब्रिटन दाखवलं. मग ठरलं की ब्रिटनच्या मुलांनाही वसाहती दाखवायच्या. त्यासाठी गावोगावच्या स्टुडिओंचे तयार फोटो पुरेसे वाटेनात, एकाच नजरेने टिपलेली चित्रं हवी होती. म्हणून १९०७मध्ये ए. ह्यू फिशर नावाच्या माणसाला बोटीवर चढवलं. तो मुळात चित्रकार, कॅमेरा या कामासाठी हातात घेतला. तीन वर्षांत सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, कॅनडा, हाँगकाँग, बोर्निओ, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी असं सगळं फिरला. मॅकिंडरने त्याला दोन गोष्टी टिपायला सांगितल्या होत्या: एक, देश आणि तिथली माणसं मुळात कशी आहेत. दोन, ब्रिटिश राज्यामुळे त्यावर वरून काय चढलं.

या सामग्रीवर मॅकिंडरचं हिंदुस्थानवरच्या आठ व्याख्यानांचं पुस्तक १९१०ला निघालं. त्यातलं पाचवं व्याख्यान आपलं: 'मुंबई: मराठे'.

आता प्रश्न. ही चित्रं मी मुलांना दाखवू का? आणि दाखवली तर मूळ मथळ्यांसकट की मथळे काढून?

तिरकस तात्या
तीन वर्षं सरकारी खर्चाने जगप्रवास, काम काय तर फोटो काढणं. ताई, अर्ज कुठे मिळतो? माझ्याकडे मोबाइल आहे आणि साम्राज्याशी माझं वैयक्तिक भांडण नाही.

पेठेतला प्रवासी
'मुंबई: मराठे' वाचून चहा नाकातून आला. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, साष्टी घेतली, पण मुंबई बेट मराठ्यांच्या ताब्यात कधीच नव्हतं. मराठे दाखवायचे तर पुणं आहे, सातारा आहे, रायगड आहे. पण साहेब बोटीतून उतरणार अपोलो बंदरावर, म्हणून मराठेही तिथेच उभे पाहिजेत!

बाकीच्या सात व्याख्यानांची शीर्षकं असतील तर टाका ना.

नकाशावेडी
टाकते. मद्रास: हिंदू धर्म. ब्रह्मदेश: बौद्ध धर्म. बंगाल: मोसमी पाऊस. संयुक्त प्रांत: बंड (म्हणजे १८५७). मुंबई: मराठे. राजपुताना: मांडलिक संस्थानं. दिल्ली: मुसलमान धर्म. वायव्य सरहद्द: शीख.

पेठेतला प्रवासी
म्हणजे हिंदू धर्म मद्रासला, पाऊस बंगालला. चिपळूणकरांनो, छत्र्या मिटा.

वेताळ
नेहमीप्रमाणे सगळे एका सुरात. मी जरा वेगळं बोलतो.

आठ व्याख्यानांत एक अख्खा उपखंड बसवायचा तर प्रत्येक प्रांताला एक कथानक द्यावंच लागतं. हे साम्राज्यवादाचं लक्षण नाही, वेळापत्रकाचं आहे. नकाशावेडीताई, तुमच्या पाठ्यपुस्तकात 'कोकण: मासेमारी, विदर्भ: कापूस, नाशिक: द्राक्षं' नसतं का? मग मॅकिंडरने काय वेगळं केलं? शिवाय फिशर गेला नसता तर त्या काळच्या कित्येक घाटांची, बाजारांची चित्रं आज आपल्याकडे नसती. आधी त्याचे आभार माना, मग चिरफाड करा.

नकाशावेडी
वेताळराव, प्रश्न रास्त आहे. फरक मला असा दिसतो. 'विदर्भ: कापूस' या जोडीतून विदर्भावर राज्य कोणी करावं हे ठरत नाही. मॅकिंडरच्या मांडणीत ते ठरतं. इथे एक धर्म, तिथे दुसरा, पलीकडे बंड, शेजारी संस्थानिक, सरहद्दीवर लढवय्ये. आठ खोल्या आणि आठांचा मालक एक. व्याख्यान ऐकून उठणाऱ्या मँचेस्टरच्या पोराला आपोआप वाटणार की या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे आमचं सरकार. हे वाक्य व्याख्यात्याला उच्चारावंही लागत नाही.

फिशरला दिलेल्या त्या दोन सूचना पुन्हा वाचा. देवळं, जत्रा, फकीर, बैलगाड्या हे 'मूळचं'. पूल, रेल्वे, छावण्या, कचेऱ्या हे 'वरून चढलेलं'. मग गिरणीत मशीनवर उभा असलेला रत्नागिरीचा माणूस कुठल्या खणात टाकणार? गिरगावातला वकील? मराठी छापखाना?

अबोली
+१. गिरणीतल्या माणसाचा मुद्दा फार आवडला. मूळचा देश म्हणजे न बदलणारा देश, आणि बदल म्हणजे साहेब.

जुन्या_काचा
उशिरा आलो, पण विषय आवडीचा. माझ्याकडे काचपट्ट्यांच्या काही जुन्या पेट्या आहेत (फिशरच्या नव्हेत, इतर). यंत्राबद्दल थोडं लिहितो, कारण यंत्र कळल्याशिवाय हे प्रकरण पुरतं कळत नाही.

ब्रिटिश पट्टी सव्वातीन इंच चौरस. एका काचेवर जिलेटिनच्या थरात चित्र, त्यावर संरक्षणाला दुसरी काच, मध्ये काळ्या कागदाची चौकट, आणि चारही कडांना कागदी पट्टी चिकटवून बंद. कंदिलात पट्टी उलटी घालावी लागते, नाहीतर पडद्यावर हत्ती पाय वर करून दिसतो. म्हणून वरच्या कोपऱ्यांत दोन पांढरे ठिपके चिकटवलेले असत. अंधारात अंगठा कुठे ठेवायचा ते त्यावरून कळे.

उजेड: गावात रॉकेलचा दिवा, मोठ्या सभागृहात लाइमलाइट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवलेला चुन्याचा गोळा. पुढे विजेचा आर्क आला. रंग बहुधा हाताने, पारदर्शक रंगांनी. आणि रंग भरणारा माणूस बहुतेक वेळा त्या जागी पाऊलही न टाकलेला! माझ्याकडच्या एका पट्टीत कुणा बाईचं लुगडं असं काही जांभळं रंगवलंय की तो रंग मी कुठल्याही हातमागावर पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. मॅकिंडरच्या काचपट्ट्या लंडनची न्यूटन कंपनी विकत असे, आणि पुस्तक व काचा हा एकच माल होता. व्याख्यानाच्या मजकुराला पट्ट्यांचे क्रमांक जोडलेले. मास्तराने वाचत जायचं, क्रमांक आला की मदतनिसाने पट्टी सरकवायची. मास्तर हिंदुस्थानात गेलेला असण्याची गरज नाही, त्याला काही ठाऊक असण्याचीही नाही. वेताळराव, पाठ्यपुस्तकापेक्षा हे वेगळं आहे ते इथे. अंधार, एकच उजेड, एकच आवाज, आणि मुलाला पान मागे उलटायची सोय नाही.

तिरकस तात्या
म्हणजे आमच्या हापिसातलं सोमवारचं पॉवरपॉइंट. तिथेही बोलणाऱ्याला काही ठाऊक असण्याची गरज नसते.

मनोहर_कल्याण
काचपट्ट्यांचा विषय निघाला आणि कल्याणचं नाव नाही? आमच्या गावच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात मॅजिक लॅन्टर्नचे खेळ सुरू केले, नाव 'शांबरिक खरोलिका'. सोबत मदनराव पितळे, आणि पुढे पटवर्धनांचे चिरंजीव. हाताने रंगवलेल्या काचा, रामायण-महाभारतातले प्रसंग, सर्कस, मागे निवेदन आणि गाणी. एकापेक्षा जास्त कंदील लावून आकृती हलल्याचा भास करत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) कितीतरी आधी!

सांगायचं कारण, फिशर मुंबई इलाख्यात कॅमेरा घेऊन आला तेव्हा इथली माणसं कंदिलाच्या फक्त समोर बसलेली नव्हती, मागेही उभी होती.

अबोली
मनोहरकाका, सुंदर प्रतिसाद. त्यालाच जोडून कॅमेऱ्याबद्दल. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या वर्तुळातले. नारायण दाजी स्वतः फोटो काढत आणि एल्फिन्स्टनमधल्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकवतही असत. फिशरच्या पन्नास वर्षं आधी. पुढे राजा दीनदयाळांचा स्टुडिओ मुंबईत १८९६मध्ये उघडला. तेव्हा 'फिशर नसता तर चित्रं नसती' हे वेताळरावांचं म्हणणं पटत नाही. चित्रं असती. वेगळ्या निवडीची असती.

आणि या निवडीचा इतिहासही जुना आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या जाती-जमातींवर दोन खंड काढले. त्यात माणसं एकीकडे टिपायची आणि मागचं दृश्य दुसऱ्या फोटोतलं जोडायचं असला प्रकार आहे. अमुक जातीची माणसं तमुक देवळासमोर उभी दिसतात, प्रत्यक्षात ती तिथे गेलेलीच नसतात.

वेताळ
म्हणजे १८६३चा फोटोशॉप. यात साम्राज्यवाद कुठे आला? लग्नाच्या अल्बममध्ये स्वित्झर्लंड जोडणाऱ्या आमच्या चुलतभावालाही मग साम्राज्यवादी म्हणा.

अबोली
चुलतभावाच्या अल्बमवरून स्वित्झर्लंडमध्ये कोणी जनगणना केली नाही, वेताळराव.

तिरकस तात्या
🍿 सरका जरा, बसू द्या.

जर्सीचा जावई
इकडची थोडी भर. अमेरिकेत याच सुमारास हाच धंदा खासगी कंपन्या करत होत्या, स्टिरिओग्राफचा. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, डोळ्यांना लावायचं यंत्र, आणि चित्राला एकदम खोली. अंडरवुड आणि अंडरवुड कंपनीने हिंदुस्थानचा संच काढला, जेम्स रिकल्टन यांच्या फोटोंचा. हे रिकल्टन आमच्या न्यू जर्सीतल्या मेपलवुडचे शाळामास्तर! नोकरी सोडून जगभर फिरले. संचासोबत मार्गदर्शक पुस्तक आणि नकाशे. नकाशावर दाखवलेलं असायचं की तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, तमुक दिशेला बघताय.

इथल्या जुन्या बाजारांत असे सुटे पुठ्ठे अजून दिसतात. मागे लांबलचक मजकूर छापलेला. माझ्या मुलीने एका पुठ्ठ्यावरच्या चित्रात धोबीघाट बघितला आणि मागचा मजकूर वाचून विचारलं, 'बाबा, हे लिहिणारा त्या माणसाशी बोलला होता का?' मी गप्प.

नकाशावेडी
जावईबापू, मुलीला माझ्या वर्गात पाठवा.

केंब्रिजकाठची
फिशरचा संग्रह इथे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीच्या दालनात. अल्बमच्या अल्बम, हजारो फोटो. शिवाय त्याने प्रवासातून मॅकिंडरला लिहिलेली पत्रं. सगळे फोटो त्याने स्वतः काढलेले नाहीत, बरेच त्याने ठिकठिकाणच्या स्टुडिओंकडून विकत घेतले, काही कंपन्यांकडून मिळवले. म्हणजे 'एकाच नजरेचे' हा बेत पुरता साधला नाहीच. ही नजर अर्धी उसनी होती. फिशरचं स्वतःचं हिंदुस्थान-ब्रह्मदेशावरचं प्रवासवर्णन १९११ला निघालं, ते कुंचल्याबद्दल जास्त बोलतं. मला नेहमी वाटतं की या माणसाला चित्रं काढायची होती आणि खात्याला पुरावे हवे होते.

तुलनेसाठी आल्बेर कान या फ्रेंच बँकरचा उद्योग बघा. त्याने १९०९पासून जगभर माणसं पाठवून रंगीत ऑटोक्रोम काचा जमवल्या, सुमारे ७२ हजार. त्याचा छायाचित्रकार स्टेफान पासे १९१३-१४मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. कानचा हेतू होता की नाहीसं होणारं जग टिपून ठेवावं, लोकांनी एकमेकांना ओळखावं. हेतू कितीतरी उदार. तरी चित्रातल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा तिथेही नाही.

अवांतर: मॅकिंडरची व्याख्यानं वाया गेली नाहीत. 'केंब्रिज हिस्ट्री ऑफ इंडिया'चा पहिला खंड १९२२मध्ये निघाला, त्यातलं पहिलंच प्रकरण, भारतीय उपखंडाचा भूगोल, मॅकिंडरचंच. शाळेच्या पडद्यासाठी रचलेला हिंदुस्थान पुढे पदवीच्या मुलांनी अभ्यासला.

पेठेतला प्रवासी
हे शेवटचं माहीत नव्हतं. तो खंड घरात आहे, आजोबांची सही असलेला. काढून बघतो.

लाजाळू वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. चोरबाजारात मटण स्ट्रीटला अशा काचा मिळतात का? भाव काय?

जुन्या_काचा
मिळतात कधीमधी. भाव विक्रेत्याच्या मूडवर आणि तुमच्या चेहऱ्यावर. चेहऱ्यावर आनंद दिसू देऊ नका. घेतल्यावर एवढं पाळा: कडांना धरा, चित्राला बोट नको. ओल्या फडक्याने पुसू नका, आतल्या जिलेटिनला पाणी लागलं तर चित्र सुटून येतं. कडेची जुनी कागदी पट्टी फाडू नका. पेटीत आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि पावसाळ्यात पेटी माळ्यावर कोंडून ठेवलीत तर ऑक्टोबरात बुरशीचं प्रदर्शन भरवा.

दर्यावर्दी
ताई, हक्कांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे २०१२च्या दुरुस्तीपर्यंत छायाचित्राचं स्वामित्व प्रसिद्धीपासून ६० वर्षं असे, आणि ती मुदत या चित्रांची त्याआधीच संपली. म्हणजे १९१०च्या पुस्तकातली चित्रं इथे वापरायला मोकळी. पण फोटो मोकळा असला तरी एखाद्या संग्रहालयाचं मोठ्या आकारातलं स्कॅन वापरायला त्यांच्या अटी असतात. वर्गात दाखवण्यावर कोणी भांडत नाही, पण भित्तिपत्रक छापणार असाल तर विचारून घ्या, आणि संग्रहाचं नाव खाली लिहा.

सेटलमेंटचा पोरगा
धागा दोन दिवस वाचतोय. लिहू का नको असं चाललं होतं.

मी सोलापूरचा. सेटलमेंट भागात वाढलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७१ला 'गुन्हेगार जमाती' कायदा झाला, १९११च्या कायद्याने तो आमच्या मुंबई इलाख्यालाही लागला. जन्माने गुन्हेगार. आमच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरणीत कामाला धाडलं. १९५२ला कायदा गेला.

कॉलेजात असताना ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाताला लागलं, जातींच्या माहितीचं. त्यात एक फोटो. पाच-सहा माणसं, एक बाई, कडेवर मूल. खाली जमातीचं नाव आणि 'नमुना' अशा अर्थाचा शब्द. बाकी काही नाही. ती बाई थेट माझ्या आत्यासारखी दिसत होती. आत्यासारखी म्हणजे नाक-डोळे नाही हो, उभं राहणं. एक पाय पुढे टाकून, 'काय बघतोस' असं.

वर वेताळसाहेब म्हणतात आभार माना. मी मानतो पण. तो फोटो नसता तर आमच्या मागच्या पिढ्या दिसतात कशा हे मला कधी कळलंच नसतं. आमच्यात कुणाकडे अल्बम होते? पण मथळ्याचे आभार मानणार नाही.

ताई, तुम्ही विचारलं मथळे काढून दाखवू का. काढू नका. काढले तर मुलांना वाटेल छान जुने फोटो आहेत. मथळा राहू द्या आणि मुलांना विचारा, हा कोणी लिहिला आणि कोणासाठी.

वेताळ
पोरगा, (नाव माहीत नाही म्हणून असं, राग नको) तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. 'मथळ्याचे आभार मानणार नाही' याच्याशी भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की फोटो टाकून देऊ नका, आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा बरं मांडलंत.

तरी ताईंशी माझा मतभेद कायम. फिशरच्या कामात आणि जमातींच्या त्या खंडांत फरक करायला हवा. एक पोलिसी आणि जनगणनेच्या कामाचं, दुसरं शाळेचं. सगळं एका पोत्यात घालू नका.

अबोली
फरक आहे, पण भिंत नाही. जनगणनेच्या नोंदींतून खंड होतात आणि तेच 'नमुने' शाळेच्या पुस्तकांत उतरतात.

एक प्रसंग सांगते. १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानच्या जमातींचे फोटो असलेले आठ खंड सरकारने लंडनमध्ये काढले. १८६९मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह तिथे असताना इंडिया ऑफिसात (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्यात) ते पुस्तक त्यांच्या पाहण्यात आलं. एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला आणि ओशाळला, आणि लगेच पुढे म्हणाला की आम्ही इथले मूळ रहिवासी नव्हे, आमचे पूर्वज बाहेरून आले. सर सय्यदांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. चित्रं बघून त्या मुलाला राग इंग्रजाचा आला नाही, त्याने स्वतःला चित्रातल्या लोकांपासून वेगळं काढलं.

नकाशावेडीताई, वर्गात हेही होईल. 'हे आमच्यातले नाहीत' असं एखादं पोर म्हणेल. तयारी ठेवा.

सेटलमेंटचा पोरगा
म्हणेलच. आमच्या वर्गात म्हणाले होते.

मनोहर_कल्याण
आपल्या लोकांनीही हे हत्यार उचललं हे विसरू नका. १९२०च्या दशकात खादीच्या प्रचारासाठी काँग्रेसवाले कंदील घेऊन फिरत होते. पडद्यावर चरखा, सूत, विणकर, परदेशी कापडाची होळी. साहेबाचंच यंत्र, तोच अंधार, तोच एक आवाज.

वेताळ
हा मुद्दा मला मांडायचा होता, काका. प्रचार तो प्रचारच.

मनोहर_कल्याण
छे, मी तसं म्हटलेलं नाही. खादीच्या खेळात समोर बसलेला माणूस आणि पडद्यावरचा माणूस एकाच गावचे असत. उठून म्हणू शकत की सूत असं काततच नाहीत. मँचेस्टरच्या पोराला ती सोय नव्हती.

नकाशावेडी
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! आता वर्गात करायचं ते लिहिते, त्यात चुका काढा.

तास ३५ मिनिटांचा. अख्खं व्याख्यान दाखवणं शक्य नाही आणि मला नकोही आहे. पाच चित्रं घेईन. प्रत्येक चित्र आधी मथळ्याशिवाय दाखवायचं, मुलांनी वहीत स्वतःचा मथळा लिहायचा. मग मूळ मथळा दाखवायचा आणि सेटलमेंटच्या पोराने सांगितलेला प्रश्न विचारायचा: कोणी लिहिला, कोणासाठी? त्यानंतर त्याच विषयाचं एक चित्र आपल्या माणसाने काढलेलं, दीनदयाळ किंवा मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओतलं, शेजारी ठेवायचं. शेवटी आठ व्याख्यानांची यादी फळ्यावर लिहून मुलांना आपल्या जिल्ह्याचं शीर्षक ठरवायला लावायचं.

वेताळ
तिसरी पायरी धोक्याची. 'साहेबाचा फोटो वाईट, आपला चांगला' असं शिकतील. दीनदयाळ निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते, व्हाइसरॉयचेही फोटो काढत. त्यांच्या चित्रांत महाल आणि शिकारी भरपूर, मथळ्याखालची माणसं कमी. शेजारी ठेवायचंच तर मुलांना घरून आजोबा-पणजोबांचा एखादा जुना फोटो आणायला सांगा.

सेटलमेंटचा पोरगा
घरी फोटो नसलेली पोरं असतील त्यांचं काय? मी वर लिहिलंय की, आमच्यात अल्बम नव्हते.

अबोली
बरोबर. मग घरच्या कोणाकडून एक आठवणीतलं चित्र ऐकून लिहून आणायला सांगा. पणजी कशी दिसायची, काय नेसायची, काय काम करायची, नाव काय. फोटो असेल त्याने फोटो, नसेल त्याने मजकूर. दोन्ही एकाच भिंतीवर.

सेटलमेंटचा पोरगा
हे चालेल. नाव मात्र सक्तीचं करा.

नकाशावेडी
करते. आणि वेताळरावांचा आक्षेप धरून तिसरी पायरी बदलते. दीनदयाळांचं चित्रही आधी मथळ्याशिवायच दाखवेन, तेच प्रश्न त्यालाही.

पेठेतला प्रवासी
जिल्ह्याच्या शीर्षकाची पायरी ठेवा हो, मजा येईल. 'पुणे: पाट्या' असं येणार, तयार राहा.

जुन्या_काचा
ताई, शाळा पुण्या-मुंबईकडची असेल तर एक कंदील आणि चार-सहा काचा घेऊन येतो. विजेचा दिवा बसवलेला आहे, चुन्याचा गोळा नाही, मुख्याध्यापकांना घाबरवू नका. मुलांनी स्वतः पट्टी सरकवावी. पहिली उलटीच जाईल.

तिरकस तात्या
मी मदतनीस म्हणून येतो. क्रमांक आला की पट्टी सरकवायची आणि काही ठाऊक असण्याची गरज नाही, एवढी पात्रता माझ्यात आहे.

केंब्रिजकाठची
नकाशावेडी, पाच चित्रांचे संदर्भ क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. एक आगाऊ सूचना: त्यातल्या दोन चित्रांमागे स्टुडिओचा शिक्का आहे, ती फिशरची नाहीत, विकत घेतलेली. मुलांना मागची बाजूही दाखव.